बीबीसी मायक्रो संगणकातील सदोष वीजपुरवठा : दोषशोधनाची क्रमबद्ध पद्धत

बीजशब्द : जुने संगणक, वीजपुरवठा, कपॅसिटर, दोषशोधन, तांत्रिक वारशाचे जतन.

१. प्रस्तावना

अनेक वर्षे कपाटात बंद असलेला संगणक बाहेर काढला की पाहणाऱ्याचा हात प्रथम त्याच्या बटणाकडे जातो. यंत्र सुरू झाले तर ते ठीक आहे आणि सुरू झाले नाही तर त्याचा वीजपुरवठा गेला आहे, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. चालू झालेल्या यंत्राचा वीजपुरवठा पुढील अर्ध्या तासात धूर ओकू शकतो. उलट पूर्णपणे निपचित पडलेल्या यंत्राचा वीजपुरवठा निर्दोष असून बिघाड अन्यत्र असू शकतो. म्हणून जुन्या संगणकाच्या बाबतीत 'चालू' आणि 'बंद' ही केवळ लक्षणे मानावी लागतात. लक्षणापासून कारणापर्यंत पोहोचण्याचा क्रम कोणता, हे ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' या संगणकाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. १०८६ मधील 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या महसुली नोंदवहीला नऊशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने 'डूम्सडे प्रकल्प' सिद्ध केला. ब्रिटनमधील जनजीवनाची छायाचित्रे, नकाशे आणि मजकूर लेझर तबकड्यांवर साठवण्यात आला. तो वाचण्यासाठी बीबीसी मायक्रोचा उत्तराधिकारी असलेला 'बीबीसी मास्टर' संगणक आणि खास तबकडीवाचक आवश्यक होता. जेमतेम पंधरा वर्षांत चालू स्थितीतील यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की ही सामग्री वाचता येईल की नाही, अशी चिंता निर्माण झाली. २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या 'कॅमिलिऑन' प्रकल्पाने आधुनिक संगणकावर जुन्या यंत्राची प्रतिकृती उभी करून त्या सामग्रीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखवला. नऊशे वर्षांपूर्वीची चर्मपत्रावरील नोंद मात्र तेव्हाही वाचता येत होती. अंकीय सामग्रीचे आयुष्य ती वाचणाऱ्या यंत्राच्या आयुष्याशी कसे बांधलेले असते, हे यावरून ध्यानात येते. आणि यंत्राचे आयुष्य अनेकदा त्यातील सर्वांत दुर्लक्षित भागावर, म्हणजे वीजपुरवठ्यावर, अवलंबून असते.

२. यंत्राची पार्श्वभूमी

केंब्रिज येथील ॲकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी हा संगणक तयार केला आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला. त्याच्या 'मॉडेल बी' या प्रकारात २ मेगाहर्ट्झ गतीचा ६५०२ जातीचा प्रक्रियक आणि ३२ किलोबाइट स्मृती होती. ब्रिटनमधील शाळांतून तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. भारताशीही त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शालेय संगणक शिक्षणासाठी सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पात हेच संगणक वापरण्यात आले. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने 'युनिकॉर्न' या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही काढली. त्यामुळे एखाद्या भारतीय संस्थेच्या अडगळीत हे यंत्र आढळले तर आश्चर्य वाटू नये.

३. वीजपुरवठ्याची रचना व कार्य

यंत्राच्या डाव्या बाजूस धातूच्या डब्यात वीजपुरवठा बसवलेला असतो. सुरुवातीच्या काही यंत्रांत काळ्या कवचातील रेषीय पद्धतीचा पुरवठा होता. तो फार तापत असे. त्यामुळे लवकरच त्याची जागा 'स्विच मोड' म्हणजे खंडित पद्धतीच्या पुरवठ्याने घेतली. आज आढळणाऱ्या बहुतेक यंत्रांत ॲस्टेक कंपनीचा असा पुरवठा असतो. तो तीन विद्युतदाब पुरवतो : अधिक ५ व्होल्ट (३.७५ अँपिअरपर्यंत), अधिक १२ व्होल्ट (१.२५ अँपिअरपर्यंत) आणि उणे ५ व्होल्ट (०.१ अँपिअरपर्यंत). या तिन्हींची एकत्रित क्षमता सुमारे ३४ वॅट भरते. संगणकाचे जवळजवळ सर्व कार्य अधिक ५ व्होल्टवर चालते. अधिक १२ व्होल्ट मुख्यतः बाहेरून जोडायच्या डिस्क ड्राइव्हसाठी असतात, तर उणे ५ व्होल्टचा उपयोग संदेशवहनाच्या अनुक्रमी द्वारासारख्या मोजक्या भागांना होतो.

रेषीय पुरवठ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह जड रोहित्रातून प्रथम कमी दाबाचा केला जातो आणि अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून दिली जाते. खंडित पद्धतीत हा क्रम उलटा असतो. २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह थेट एकदिश केला जातो आणि मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दिष्ट विद्युतदाब साठतो. एक ट्रान्झिस्टर हा दाब दर सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. या वेगवान स्पंदांमुळे लहानसे रोहित्र पुरेसे ठरते. रोहित्राच्या दुय्यम बाजूस मिळालेला कमी दाब पुन्हा एकदिश करून गाळला जातो. बाहेर पडणारा दाब नियंत्रण मंडल सतत मोजत राहते आणि त्यानुसार ट्रान्झिस्टरचा जोडकाळ कमी-जास्त करते. जलद जोडतोडीमुळे निर्माण होणारा विद्युतीय गोंगाट घरच्या वीजवाहिनीत जाऊ नये म्हणून प्रवेशापाशी गाळणी कपॅसिटर बसवलेले असतात. हेच कपॅसिटर पुढे या यंत्राच्या सर्वपरिचित बिघाडाचे कारण ठरले.

४. वार्धक्यामुळे होणारे बिघाड

जुन्या वीजपुरवठ्यातील बिघाड अपघाती नसून बहुतांशी पदार्थांच्या वार्धक्याचे परिणाम असतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार गाळणी कपॅसिटरचा. वीजवाहिनीच्या दोन तारांमध्ये जोडल्या जाणाऱ्या कपॅसिटरला 'एक्स' वर्ग म्हणतात. ॲस्टेकच्या पुरवठ्यात रिफा कंपनीचे, धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे आणि पारदर्शक राळेच्या कवचातील एक्स कपॅसिटर आढळतात. कालांतराने या कवचाला बारीक तडे जातात, त्यांतून हवेतील आर्द्रता आत शिरते आणि कागद ती शोषून घेतो. पुन्हा वीज जोडली की आत गळती प्रवाह वाहू लागतो, कागद तापतो आणि कपॅसिटर फुटून तपकिरी, चिकट, उग्र वासाचा धूर निघतो. यात एक फसवी गोष्ट आहे. हा कपॅसिटर वीजवाहिनीला समांतर जोडलेला असल्याने तो जळाल्यावरही वीज पुढे पोहोचतच राहते. त्यामुळे धूर निघत असताना पडद्यावर संगणकाचा मजकूर व्यवस्थित दिसत राहतो. 'यंत्र चालते आहे, म्हणजे पुरवठा ठीक आहे' हा निष्कर्ष येथेच खोटा ठरतो.

दुसरा प्रकार विद्युत्-अपघटनी कपॅसिटरचा. यांतील द्रव वर्षानुवर्षे हळूहळू सुकत जातो. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, हा अभियंत्यांचा प्रचलित आडाखा आहे. सुकलेल्या कपॅसिटरची धारिता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. परिणामी पुरवठा सुरू होण्यास कुरकुर करतो, कर्कश आवाज करतो किंवा त्याच्या दाबात तरंग उरतात. नियंत्रण मंडलातील एखादा लहान कपॅसिटर सुकला तरी संपूर्ण पुरवठा ठप्प होऊ शकतो. मोठ्या भागाकडे पाहून लहान भागाकडे दुर्लक्ष करण्याची चूक त्यामुळे महागात पडते.

तिसरा प्रकार जोडण्यांचा. पुरवठ्यापासून मुख्य मंडलपट्टीपर्यंत तारांच्या टोकांना चपटे धातूचे जोड असतात. त्यांवर चढलेला गंज हा अदृश्य रोधक ठरतो. समजा एका जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम झाला आणि त्यातून २ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तेथे ०.२ व्होल्टची घट होईल. पुरवठ्यापाशी ५.० व्होल्ट असताना मंडलपट्टीवर ४.८ व्होल्टच पोहोचतील. या यंत्रातील अंकीय घटकांना साधारणतः ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढीच मुभा असते, हे लक्षात घेता ही घट किरकोळ म्हणता येत नाही.

५. सुरक्षिततेचे भान

दोषशोधनाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. वीज तोडल्यानंतरही मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर इतका दाब असताना त्यात सुमारे ५.३ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ती हाताला जबर धक्का देण्यास पुरेशी आहे. म्हणून प्लग काढून काही मिनिटे थांबावे, आवरण उघडल्यावर कपॅसिटरवरील दाब मापकाने मोजावा, आणि तो शिल्लक असल्यास २.२ किलोओहमच्या, पुरेशा वॅटक्षमतेच्या, नीट आवेष्टित रोधकातून तो उतरवावा. एवढ्या रोधकातून सव्वा सेकंदाच्या आत जवळजवळ सर्व भार निघून जातो. पेचकसाने दोन टोके जोडून ठिणगी काढण्याची सवय माणसाला आणि भागांना सारखीच घातक आहे. भार उतरवल्यावर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.

पुरवठ्याच्या प्राथमिक बाजूचे ऋण टोक म्हणजे भूसंपर्क नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. भूसंपर्कित दोलनदर्शकाचे टोक तेथे जोडल्यास थेट लघुपथन होते. ज्यांना या कामाचा सराव नाही त्यांनी प्राथमिक बाजूची चालू स्थितीतील मोजमापे स्वतः करू नयेत. ती विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक विभागातील अनुभवी व्यक्तीवर सोपवावीत. पुढील क्रमातील पहिल्या तीन पायऱ्या मात्र वीज न जोडताच पार पडतात आणि बहुतेक दोष तेथेच उघड होतात.

६. दोषशोधनाचा क्रम

पहिली पायरी : पाहणी. प्लगपासून सुरुवात करावी. ब्रिटिश प्लगच्या आतच एक फ्यूज असतो, भारतीय प्लगमध्ये तो नसतो. भारतात आलेल्या यंत्राचा मूळ प्लग कापून नवा बसवलेला असेल तर संरक्षणाची ही पहिली पायरी नाहीशी झालेली असते. तारांचे रंगही तपासावेत. ब्रिटिश केबलमध्ये तपकिरी तार जिवंत, निळी तटस्थ आणि हिरवी-पिवळी भूसंपर्काची असते. जुन्या भारतीय पद्धतीतील लाल-काळ्या रंगांची सवय असलेल्या हातून येथे अदलाबदल होऊ शकते. नंतर पुरवठ्याचे आवरण उघडून पारदर्शक कवचाच्या कपॅसिटरवर तडे आहेत का, तपकिरी डाग किंवा चिकट थर आहे का, फुगलेली टोपणे अथवा गळती आहे का, हे पाहावे. तडे गेलेला एक्स कपॅसिटर दिसला तर तो जळालेला नसला तरी बदलणे आवश्यक आहे आणि तोपर्यंत यंत्राला वीज जोडू नये.

काचेच्या फ्यूजची काच पुष्कळ काही सांगते. काच आतून काळवंडली असेल तर मोठे लघुपथन झाले असावे. एकदिशकारक डायोड किंवा जोडतोड करणारा ट्रान्झिस्टर यांवर तेव्हा प्रथम संशय घ्यावा. काच स्वच्छ असून तार केवळ मध्ये तुटलेली असेल तर तात्पुरता अतिभार किंवा फ्यूजचे वार्धक्य संभवते. दोन्ही परिस्थितींत कारण न शोधता नवा फ्यूज घालणे, अथवा त्याहून वाईट म्हणजे साधी तार बांधणे, म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासारखे आहे.

दुसरी पायरी : वीज न जोडता रोधमापन. यंत्राचे बटण 'चालू' ठेवून प्लगच्या जिवंत व तटस्थ पिनांमधील रोध मोजावा. मापक काहीच प्रतिसाद देत नसेल, अगदी क्षणभरही नाही, तर केबल, बटण किंवा फ्यूज खंडित असण्याची शक्यता असते. रोध जवळजवळ शून्य आला तर प्रवेशमार्गात लघुपथन आहे. त्यानंतर कोणत्याही पिनेचा धातूच्या डब्याशी संपर्क नाही आणि भूसंपर्काच्या पिनेचा मात्र डब्याशी पक्का संपर्क आहे, याची खात्री करावी.

तिसरी पायरी : भार वेगळा करणे. मंडलपट्टीकडे जाणाऱ्या तारा काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक जोडावर खूण करावी. हे चपटे जोड एकमेकांच्या जागी सहज बसतात. उणे ५ व्होल्टची किंवा शून्य व्होल्टची तार अधिक ५ व्होल्टच्या जागी गेली तर यंत्राची अपरिमित हानी होईल. तारा काढल्यावर मंडलपट्टीवरील प्रत्येक पुरवठाबिंदू आणि शून्य व्होल्ट यांमधील रोध मोजावा. तो एक ओहमहूनही कमी आला तर लघुपथन मंडलपट्टीवर असल्याचे मानावे. अशा वेळी पुरवठा बंद पडतो तो बिघडल्यामुळे नव्हे, स्वसंरक्षणासाठी. 'यंत्र बंद, म्हणजे पुरवठा गेला' हा दुसरा निष्कर्ष येथे खोटा ठरतो.

चौथी पायरी : कृत्रिम भारावर चाचणी. खंडित पद्धतीचा पुरवठा पूर्णपणे भाररहित अवस्थेत सुरू होईलच असे नाही. झाला तरी त्याचा दाब विश्वासार्ह नसतो. म्हणून अधिक ५ व्होल्टच्या तारांना २.७ ओहमचा, २५ वॅटचा रोधक जोडावा. त्यातून सुमारे १.८५ अँपिअर प्रवाह वाहील आणि ९ वॅटहून थोडी अधिक उष्णता निर्माण होईल. मूळ संगणकाऐवजी काही रुपयांचा रोधक पणाला लावणे हे या पायरीचे मर्म आहे.

वीज प्रथमच जोडताना इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज दिवा उपयोगी पडतो. ६० वॅटचा तंतूचा बल्ब पुरवठ्याशी एकसरीत जोडला की मोठे लघुपथन असल्यास बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि प्रवाह मर्यादित राहतो. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर प्रवेशमार्ग बहुधा ठीक आहे. तो लयीत लुकलुकत असेल तर बल्बमुळे दाब कमी पडून पुरवठा वारंवार सुरू होण्याचा प्रयत्न करीत असावा. तेवढ्यावरून पुरवठा सदोष ठरवू नये. सिरीज दिवा प्रवाह रोखतो, पण विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देत नाही, याचाही विसर पडू नये.

येथे एका प्रचलित सल्ल्याचा विचार करणे आवश्यक आहे. जुन्या रेडिओंना बदलत्या रोहित्राच्या साहाय्याने हळूहळू वाढता दाब द्यावा, असे सांगितले जाते. रेषीय पुरवठ्याला ते लागू पडते. खंडित पुरवठा मात्र ठरावीक शक्ती ओढण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे प्रवेशदाब कमी असताना तो एकतर सुरूच होत नाही किंवा अधिक प्रवाह ओढून जोडतोडीच्या ट्रान्झिस्टरवर ताण आणतो. एका यंत्राचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही.

पाचवी पायरी : मध्यबिंदूपासून शोध. पुरवठा अजूनही मृत असेल तर मुख्य कपॅसिटरवरील दाब हा सोयीचा मध्यबिंदू ठरतो. तेथे सुमारे ३२५ व्होल्ट असतील तर केबल, बटण, फ्यूज आणि एकदिशकारक हा सगळा पूर्वार्ध निर्दोष ठरतो. दोष आरंभ देणारा रोधक, जोडतोडीचा ट्रान्झिस्टर, नियंत्रण मंडल किंवा दुय्यम बाजू यांत शोधावा लागतो. तेथे दाब नसेल तर उत्तरार्धाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. एका मापनाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

सहावी पायरी : मूळ यंत्रावर मापन. पुरवठा निर्दोष ठरल्यावर, आणि मंडलपट्टीवर लघुपथन नाही याची खात्री झाल्यावरच, तारा खुणांप्रमाणे पुन्हा जोडाव्यात. अधिक ५ व्होल्ट तीन लाल तारांनी मंडलपट्टीवर पोहोचतात. तिन्ही ठिकाणी मंडलपट्टीच्या बाजूस स्वतंत्र मापन करावे. पुरवठ्यापाशी योग्य दाब आणि मंडलपट्टीवर कमी दाब अशी तफावत आढळली तर जोड स्वच्छ करून घट्ट बसवणे एवढाच उपाय पुरतो.

७. लक्षणांचा अर्थ

बीबीसी मायक्रो सुरू होताना एक खालच्या सुराचा ध्वनी काढतो आणि पाठोपाठ छोटा, वरच्या सुराचा 'बीप' ऐकू येतो. यामागे एक तांत्रिक कारण आहे. वीज मिळताच ध्वनी-चिप आपोआप वाजू लागते आणि प्रक्रियकाने आपला आज्ञासंच नीट चालवला तरच तो ध्वनी थांबतो. म्हणून ध्वनी सुरू होऊन थांबतच नसेल तर काही दाब मंडलपट्टीपर्यंत पोहोचत आहे, पण प्रक्रियक चालत नाही, असा अर्थ होतो. पूर्ण शांतता, कळफलकावरील दिवेही विझलेले, असे असेल तर पुरवठ्यावर संशय बळावतो. पुरवठ्यातून नियमित 'टिक-टिक' ऐकू येणे हे सहसा अतिभार किंवा लघुपथन यांचे चिन्ह असते. यंत्र थंड असताना सुरू न होणे आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर सुरू होणे हे सुकलेल्या विद्युत्-अपघटनी कपॅसिटरचे लक्षण होय.

मात्र मोजमापाचाही अर्थ लावावा लागतो, हे याच यंत्राशी निगडित एका घटनेवरून दिसते. २६ एप्रिल १९८५ रोजी ॲकॉर्नचा पहिला एआरएम प्रक्रियक बीबीसी मायक्रोला जोडलेल्या मंडलपट्टीवर सुरू झाला. त्याच्या अभिकल्पकांपैकी एक, स्टीव्ह फर्बर, यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्याचा वीजवापर मोजू जाता मापकाने शून्य प्रवाह दाखवला. शोधाअंती चिपला पुरवठा जोडलेलाच नव्हता असे आढळले. ती चिप इतर संकेततारांतून झिरपणाऱ्या प्रवाहावर चालत होती. आज जगभरातील मोबाइल संचांत वापरल्या जाणाऱ्या प्रक्रियकांचे हे मूळ. चालणारी चिप म्हणजे जोडलेला पुरवठा, हे गृहीतक ती घडवणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेत खोटे ठरले.

८. दुरुस्ती आणि जतन

दोष सापडल्यावर योग्य वर्गाचा भाग वापरणे महत्त्वाचे. एक्स कपॅसिटरच्या जागी त्याच धारितेचा, एक्स-२ वर्गाचा, किमान २५० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर बसवावा. केवळ ४०० व्होल्ट दिष्ट दाब असे लिहिलेला साधा कपॅसिटर चालणार नाही, कारण वीजवाहिनीवरील क्षणिक उसळ्या सोसण्याची चाचणी त्याच्यावर झालेली नसते. वीजवाहिनी आणि भूसंपर्क यांमधील 'वाय' वर्गाच्या जागी तर वाय वर्गाचाच कपॅसिटर हवा. तो निकामी झाला तर धातूच्या डब्यात वीज उतरू शकते. विद्युत्-अपघटनी कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस क्षमतेचे आणि कमी अंतर्गत रोधाचे घ्यावेत.

संपूर्ण पुरवठाच काढून जुन्या डब्यात आधुनिक पुरवठा बसवावा का, हा प्रश्न तांत्रिक तितकाच जतनाच्या नीतीचाही आहे. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात विद्यार्थी आजही चालत्या बीबीसी मायक्रोवर आज्ञावली लिहून पाहतात. जे यंत्र हाताळले जाणार आहे तेथे सुरक्षिततेला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक आहे. ज्या यंत्राचे मूल्य मुख्यतः ऐतिहासिक आहे तेथे कमीत कमी आणि पूर्ववत करता येईल असाच हस्तक्षेप करावा. काढलेला भाग फेकून न देता चिठ्ठी लावून यंत्रासोबत ठेवावा, आणि कोणत्या तारखेला काय बदलले याची नोंद करावी. उद्याच्या अभ्यासकासाठी ही नोंद दुरुस्तीइतकीच मोलाची ठरते.

या सावधगिरीचे आर्थिक समर्थनही आहे. गाळणी कपॅसिटरची किंमत काही रुपयांत असते. याउलट बीबीसी मायक्रोतील पडदा-नियंत्रणाची खास चिप फेरांती कंपनीकडून बनवून घेतलेली होती आणि तिचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. समकालीन कमोडोर ६४ या संगणकाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याच्या बाह्य पुरवठ्यातील ५ व्होल्टचा नियंत्रक निकामी झाला की दाब कमी होण्याऐवजी अनेकदा वाढतो, आणि एका क्षणात स्मृतीच्या चिपा जळतात. म्हणजे सदोष पुरवठा केवळ स्वतः मरत नाही, तो ज्याला पोसतो त्यालाही मारू शकतो.

९. निष्कर्ष

बीबीसी मायक्रोच्या उदाहरणावरून काही गोष्टी निश्चितपणे मांडता येतात. जुन्या वीजपुरवठ्यातील बहुतेक बिघाड कागद, राळ, द्रव आणि धातू यांच्या वार्धक्यातून उद्भवतात, त्यामुळे त्यांचा अंदाज आधीच बांधता येतो. यंत्र सुरू होणे हा पुरवठ्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा नाही आणि सुरू न होणे हा त्याच्या दोषाचाही पुरावा नाही. पाहणी, रोधमापन, भाराचे विलगीकरण, कृत्रिम भार आणि मध्यबिंदूवरील मापन या क्रमाने गेल्यास प्रत्येक पायरी पुढील पायरीचा धोका कमी करते. हा क्रम एका यंत्रापुरता मर्यादित नसून त्या काळातील बहुतेक संगणकांना थोड्याफार फरकाने लागू पडतो.

महाविद्यालयांच्या भांडारगृहांत असे संगणक आणि त्यांच्या जोडीला प्रबंध, प्रयोगनोंदी व सर्वेक्षणांच्या तबकड्या पडून असण्याची शक्यता आहे. भंगाराच्या यादीत त्यांची नोंद होण्यापूर्वी, किंवा कुतूहलापोटी त्यांना थेट वीज जोडण्यापूर्वी, एकदा आवरण उघडून आत पाहिले जावे. त्यासाठी लागणारा वेळ जेमतेम एका तासिकेचा आहे.